शेवट आक्काला विचारून

दिगूभाऊंच्या कादंबरीची पहिली दहा प्रकरणं एकट्यानं वाचवत नाहीत आणि शेवटचं चारचौघांत वाचवत नाही. हे मी म्हणत नाही. आमच्या महाल भागातल्या वाचनालयाचे बोंद्रे म्हणायचे, आणि प्रत्येक नव्या सभासदाला पुस्तक हातात देताना ऐकवायचे. मी फक्त शेजारी उभी राहून मान डोलवत असे.

दिगूभाऊ म्हणजे दिगंबर पांढरीपांडे. पुस्तकावर टोपणनाव 'कालदंड'. त्या काळात आमच्या विदर्भात ज्याला म्हणून अक्षर लागत होतं त्यानं 'कालदंड' वाचलेला असायचाच, कोणी उघड्यावर, कोणी भूगोलाच्या पुस्तकात घालून. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. मागच्या बाकावर जप्त केलेला 'कालदंड' आधी अख्ख्या स्टाफरूममध्ये फिरायचा आणि मग मुलीला समज देऊन परत मिळायचा. धंतोलीतले एक डॉक्टर म्हणे रक्तदाबाच्या रोग्यांना सांगायचे की वाचायचाच असेल तर शेवटून वाचा, म्हणजे जिवाला धोका नाही.

बाहेरगावचे वाचक पत्ता शोधत आमच्या गल्लीत यायचे. त्यांना वाटायचं, दाढीजटा वाढवलेला, लाल डोळ्यांचा कोणी बाबा असेल. दार उघडायचे ते दिगूभाऊ: अंगात बंडी, खांद्यावर पंचा, एका हातात निवडायला घेतलेली मेथीची जुडी. "कालदंड इथंच राहतात का?" "हो, मीच. बसा ना. पाणी घेता?" येणारा माणूस पाणी घ्यायचा आणि त्यांच्या खांद्यावरून आत डोकावत राहायचा, खरे कालदंड आता बाहेर येतील म्हणून. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. तिथल्या शिपायालासुद्धा "अहो, जरा" म्हणत. कोणाला दुखवायचं हे त्या माणसाच्या कुंडलीतच नव्हतं, आणि असा माणूस भयकथा लिहायला बसला की काय व्हायचं ते व्हायचंच.

आमची भिंतीला भिंत. त्यांच्याकडे माणसं दोनच, ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का. आई लवकर गेली. आक्का लग्न होऊन वर्षभरातच कपाळ पुसून माहेरी आली आणि या धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. दिगूभाऊंचं लग्न झालं नाही. मुलीकडचे लोक यायचे, फडताळातली मुखपृष्ठं बघायचे, कवटी, रक्त, पंजे, आणि चहा अर्धवट ठेवून उठायचे. आक्का म्हणायची, "गेले तर गेले. ज्यांना चित्राची भीती वाटते त्यांची पोरगी संसार काय करणार?"

आता शेवटांचं सांगते. दिगूभाऊंना मुळात कशाचाच शेवट करवत नसे. 'निघतो' म्हणून उठायचे ते उंबऱ्यात अर्धा तास, फाटकात अर्धा तास. सिनेमाला गेले तर शेवटच्या रिळाआधी बाहेर येऊन शेंगदाणे खात उभे राहायचे आणि आम्ही आलो की विचारायचे, "सगळे ठीक आहेत ना?" पण कादंबरीला शेवट लागतोच. तिथं आक्का होती.

रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर ते लिहायचे आणि लिहिलेलं आक्काला वाचून दाखवायचे. आक्का पायावर सूप घेऊन तांदूळ निवडत ऐकायची. मी कितीदा तरी तिथं बसलेली आहे. इकडे दिगूभाऊ खालच्या आवाजात वाचून राहिले आहेत की स्मशानातून निघालेली ती बाई मोकळ्या केसांनी, उलट्या पावलांनी वेशीत आली, माझ्या अंगावर सरसरून काटा, आणि आक्का खडा बाजूला टाकत विचारते, "जेवली का ती?"

"आक्का, ती हडळ आहे."

"मग? हडळीला पोट नसतं? किती दिवसांची उपाशी आहे तू म्हणालास मघा."

झालं. दहा प्रकरणं गावंच्या गावं ओस पाडणारी ती हडळ अकराव्या प्रकरणात पाटलिणीच्या हातची पुरणपोळी खाऊन, खणानारळानं ओटी भरून घेऊन, सगळ्यांना आशीर्वाद देत पिंपळात विरून जायची. एका कादंबरीतल्या वेताळानं सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला. एका तळघरातल्या पिशाच्चाला काशीला पाठवलं, तेही सोबत देऊन. आक्काला भुतांची भीती अशी वाटतच नसे. तिला त्यांची काळजी वाटायची. आणि आक्काला काळजी वाटत असली की दिगूभाऊंच्या हातून पुढची ओळ उतरत नसे.

लोकांना हे कुठं माहीत? बोंद्रे तर पुस्तक परत घेताना अगदी कळवळून विचारायचे, "दिगूभाऊ, तुमचं भूत शेवटी शेवटी भटजी काहून होऊन जाते गा?" दिगूभाऊ ओशाळं हसायचे. पण मनातून त्यांना लागायचं. एकदा मला म्हणाले, "वहिनी, माणसानं पुस्तक मिटावं आणि थोडा वेळ कोणाशी बोलूच नये, असा एक शेवट मला जमायला पाहिजे. एकच. आणि तो आक्कालाही चालला पाहिजे." मी म्हटलं, "दोन्ही पाहिजे असेल तर जन्म पुरायचा नाही, दिगूभाऊ." माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

त्यांचे प्रकाशक हरखचंदजी. मूळ धंदा गांधीबागेत कापडाचा, पुस्तकं जोडधंदा म्हणून. कादंबरीकडे ते लुगड्यासारखंच बघायचे. "पोत झकास आहे, पांडेजी, रंग पक्का आहे, पण पदरच नाही न भाऊ तुमच्या मालाले. गिऱ्हाईक आधी पदर पाहते. एक बार तरी त्या बाईले तसंच सोडून द्या. जेवू नका घालू."

आणि तसा योग आला. यवतमाळला भाचीचं बाळंतपण निघालं, आक्का तिकडे गेली ती तीन महिने राहिली. दिगूभाऊ तेव्हा 'विहिरीतली चंद्रकला' लिहीत होते. चंद्रकला ही सासरच्यांनी विहिरीत ढकललेली सून. त्या घरात पुढं दुसरं कुटुंब राहायला येतं, आणि विहिरीतून हाका यायला लागतात. शेवटचं प्रकरण आलं. समोर आक्का नाही, सूप नाही, जेवली का विचारणारं कोणी नाही. दिगूभाऊंनी एका बैठकीत लिहून टाकलं आणि घाबरून तसंच हरखचंदजींकडे नेऊन दिलं.

तो शेवट मला अजून पाठ आहे. त्या नव्या कुटुंबातला नवरा दुरुस्तीसाठी विहिरीत उतरलेला असतो. बायको काठावर दोर धरून उभी. दोराला हिसका बसतो. खालून आवाज येतो, "मी वर येऊ का?" तिला वाटतं नवराच. तेवढ्यात नवरा मागून, फाटकातून, हातात भाजीची पिशवी घेऊन आत येताना दिसतो. तो मघाशीच, ती आत गेली असताना, वर येऊन बाजारात गेलेला असतो. पण तोवर तिनं 'ये' म्हटलेलं असतं.

बस. पुस्तक संपलं. मी मिटलं आणि खरंच कोणाशी बोलले नाही. स्वयंपाकाला उशीर झाला.

त्या उन्हाळ्यात आमच्या महालात कोणी कोणाला 'ये' म्हणेना. चैत्रातलं हळदीकुंकू, बाया दारात येऊन म्हणायच्या, "येऊ का?" आणि आतली बाई गप्प. आधी खिडकीतून तोंड बघणार, मग पाय बघणार, मग हातानं खूण करणार. माझ्या चुलत जावेला मी अशीच उन्हात उभी ठेवली. ती जी फणकारून गेली, ती पुढे माझ्या मुलीच्या लग्नालाही आली नाही. नळाचं पाणी गेलं की सगळ्या बाया सार्वजनिक विहिरीवर जात, त्या आता घोळक्यानं जायला लागल्या, आणि दोर जड लागला की बादली सोडून पळत. विहिरीच्या तळाशी बादल्यांचा खच पडला. बोंद्र्यांच्या वाचनालयात एकाच पुस्तकासाठी भांडणं. हरखचंदजींनी दुसरी आवृत्ती काढली आणि तिच्या शेवटच्या पानावर परस्पर छापून टाकलं, 'चंद्रकला वर आली! भाग दुसरा लवकरच.' मुखपृष्ठसुद्धा तयार करून ठेवलं, विहिरीच्या काठावर ओला हात.

दिगूभाऊ गल्लीतून चालायचे ते जमिनीपासून वीतभर वरून. कचेरीतले साहेब त्यांना उठून खुर्ची द्यायला लागले. त्या माणसाला तसं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

आणि आक्का परत आली.

तिनं पुस्तक हातात घेतलं. बोट ठेवून ठेवून, सावकाश, तीन दिवस वाचत होती. मी डाळीची वाटी परत करायला गेले तेव्हा शेवटचं पान चाललं होतं. दिगूभाऊ समोर जेवायला बसलेले, घास हातात, डोळे तिच्या तोंडाकडे. आक्कानं पुस्तक मिटलं.

"म्हणजे ती पोरगी अजून विहिरीतच आहे?"

"आक्का, ती कादंबरी आहे."

"ते मला कळते. मी काही खुळी नाही. पण तू तिला त्या पाण्यात तशी सोडलीस आणि इथं वरणभात जेवायला बसलास?"

"लोकांना फार आवडलं, आक्का."

"लोकांना आवडेल. लोकांनी कुठं तिला जन्माला घातलं? तू घातलंस. एखाद्याला आणलं या जगात की शेवटपर्यंत त्याचं करावं लागते. मी तुझं करून राहिले ना?"

दिगूभाऊंनी ताट बाजूला सारलं. मी डाळीची वाटी ठेवली आणि घरी आले.

आक्का भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ऐकणं बंद केलं. दिगूभाऊ संध्याकाळी दुसऱ्या भागाचे कागद घेऊन बसले की ती उठून तुळशीला पाणी घालायला जायची. दिवसातून किती वेळा पाणी घालणार? तुळस कुजायला आली. आणि इकडे दिगूभाऊंची लेखणी ठप्प. हरखचंदजींचा माणूस आठवड्याला चकरा मारून राहिला, आणि कालदंडांकडे दाखवायला एक पानही नाही. शेवटी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही ऐकता का?" मी ऐकलं. पण मी पडले मास्तरीण. पहिल्या वाक्यात दोन चुका काढल्या, दुसऱ्यात एक, आणि विचारलं की 'अचानक' हा शब्द एका पानावर किती वेळा येणार आहे. ते कागद गुंडाळून गेले ते पुन्हा त्या कामासाठी आले नाहीत.

मग एका रविवारी आक्काच म्हणाली, "रामटेकला जाऊ. अंबाळ्यावर तिचं करून टाकू."

"कोणाचं?"

"चंद्रकलेचं. दुसरं कोण आहे?"

दिगूभाऊंनी आधी हसून बघितलं, मग हात जोडून. म्हणाले, ऑफिसात कळलं तर काय होईल. आक्का म्हणाली, ऑफिसला घेऊन चाललो आहोत का आपण? आणि भिंतीला तोंड लावून मला हाक मारली. "सुमन, तू चल गं सोबत. तू शाळेतली आहेस, तू असलीस की कोणी हसत नाही." मी गेले. हसायलाच गेले, खोटं कशाला बोलू?

अंबाळा तलावाच्या पायऱ्यांवर एक भटजी गाठले. मध्यमवयीन, पान चघळणारे. दर्भ मांडता मांडता त्यांनी नेहमीची चौकशी सुरू केली.

"नाव?"

"चंद्रकला," दिगूभाऊ म्हणाले.

"गोत्र?"

दिगूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. गोत्र त्यांनी दिलंच नव्हतं. "लिहायचं राहून गेलं," ते पुटपुटले.

"नातं काय तुमचं?"

"तशी... माझ्यामुळेच जन्माला आली म्हणा."

"म्हणजे मुलगी. अरेरे. आणि गेली कशानं?"

दिगूभाऊंना खोटं बोलता येत नसे. "मी विहिरीत ढकलली," ते म्हणाले. "म्हणजे, सासरच्यांकडून ढकलवली. दुसऱ्या प्रकरणात."

भटजींचं चघळणं थांबलं. ते एक पायरी मागे सरकले आणि तलावावर आणखी कोण आहे ते बघायला लागले. मी पुढे होऊन सांगितलं की हे लेखक आहेत, कादंबरी लिहितात, कालदंड नावानं. भटजींनी दिगूभाऊंकडे नीट निरखून बघितलं.

"ती विहिरीतली? 'येऊ का' म्हणते ती?"

"तीच."

"अहो महाराज," भटजी म्हणाले, "माझ्या घराच्या मागं विहीर आहे. बायको सांजच्याले पाणी भरत नाही, मले पाठवते. आणि मी कोणाले पाठवू? हे आधीच कराले पाहिजे होतं तुम्ही." त्यांनी पान थुंकलं, आचमन केलं आणि असे खड्या आवाजात मंत्र म्हटले की बाजूच्या पायऱ्यांवरचे लोक वळून बघायला लागले. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं असतं, तसं म्हटलं. चंद्रकलेला असा चोख विधी मिळाला.

पिंड ठेवला. आम्ही मागे सरून उभे राहिलो. झाडावर कावळे भरपूर. एक चांगला धष्टपुष्ट कावळा खाली आला, पिंडापासून हातभर अंतरावर बसला आणि मान वाकडी करून बघत राहिला. शिवेना.

"इच्छा राहिली आहे," भटजी म्हणाले. "सांगा तिले काही."

आक्का पुढे झाली. "दर वर्षी चैत्रात तुझी ओटी भरीन गं बाई." कावळा हलला नाही. भटजींनी स्वतः वचन दिलं की तिच्या नावानं गाईला घास काढू. कावळ्यानं पंख झाडले. मलाही बोलायला लावलं. मी म्हटलं, शाळेतल्या पोरींना तुझी भीती घालणार नाही. कावळा दोन पावलं मागे गेला. मास्तरीण कुठंही गेली तरी तेच.

मग दिगूभाऊ. आधी ते लाजत होते. हळूच म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला पश्चात्ताप होईल." काही नाही. "तुझ्या सासूला फाशी देतो." कावळ्यानं चोच पायरीवर घासली. "पुनर्जन्म देतो, चांगल्या घरात." नाही. "तुझा भाऊ येतो, तुला बाहेर काढतो, सगळ्या गावासमोर." कावळ्यानं सरळ पाठ फिरवली. दिगूभाऊंच्या कपाळावर घाम. उन्हाची तिरीप, धोतर ओलं, आणि हा माणूस एका कावळ्यासमोर एकामागून एक शेवट टाकून राहिला आहे आणि कावळा एकेक नापास करून राहिला आहे. मी हसायला आले होते; माझ्या लक्षात आलं की माझ्या मुठी वळलेल्या आहेत.

दिगूभाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "पुन्हा तुला लिहिणार नाही. दुसरा भाग नाही. तुझं झालं, माय. आता तुला कोणी वर बोलावणार नाही."

कावळा वळला, दोन उड्या मारून आला आणि पिंडाचा घास घेऊन उडाला.

 भटजींनी दक्षिणा घेतली नाही, पुढच्या कादंबरीची एक प्रत सहीनिशी पाठवा म्हणाले, फक्त तीत विहीर नको. एसटीत आक्का दिगूभाऊंच्या शेजारी बसली आणि तिनं विचारलं, "पुढं काय लिहिणार आहेस?" इतकं साधं. दिगूभाऊ खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत बसले.

हरखचंदजींनी डोकं धरलं. "कावळ्याच्या सांगण्यावरून धंदा करता का, पांडेजी?" पण दिगूभाऊ बधले नाहीत. तयार मुखपृष्ठ वाया जाऊ नये म्हणून हरखचंदजींनी ते पुढच्या कादंबरीला लावलं. ती कादंबरी आगगाडीतल्या भुताची होती. आत गाडी, वर विहीर. वाचकांनी पत्रं पाठवून विचारलं की विहीर कोणत्या स्टेशनवर येते.

पुढची वर्षं आधीसारखीच गेली. रोज संध्याकाळी सूप, तांदूळ आणि भूत. शेवट पुन्हा आक्काच्या हातचे, तुपात माखलेले. खप उतरत गेला, टीव्ही आला, बोंद्र्यांच्या वाचनालयातल्या रांगा गेल्या. दिगूभाऊ निवृत्त झाले. जे जमायला पाहिजे होतं ते जमलं नाही याची खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण नवं पुस्तक माझ्या हातात देताना माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी जे वाटेल ते सांगायची. "पुन्हा शिरा घातलात, दिगूभाऊ." ते मान डोलवायचे. एक ओळ कधी बदलली नाही.

वयाच्या ऐंशीच्या पुढे आक्का धंतोलीच्या दवाखान्यात भरती झाली. पोटाचं दुखणं, ऑपरेशन ठरलेलं. दिगूभाऊंची तेव्हा एक कादंबरी चालली होती, तेही शेवटच्या प्रकरणापर्यंत आलेले. एका जुन्या घरात भूत असतं, घरातल्या माणसांना त्याची सवय झालेली असते, आणि आता ते कुटुंब घर सोडून चाललेलं असतं. मी दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा आक्का उशीला टेकून बसली होती.

"उद्या ऑपरेशन," ती म्हणाली. "शेवट आजच सांग."

दिगूभाऊ सांगायला लागले. घर सोडायच्या आधी कुटुंब पूजा घालतं, ब्राह्मणभोजन होतं, भुताला नैवेद्य दाखवतात, ते तृप्त होऊन मुक्तीला जातं. आक्का डोळे मिटून ऐकत होती.

"हा माझ्यासाठी केलेला आहे," ती म्हणाली. "तुझ्या मनातला सांग."

"हाच."

"दिगू."

दिगूभाऊ चादरीची कड चुरगळत बसले. मग म्हणाले, "ते लोक सामान टांग्यात घालून निघून जातात. भूत दारात उभं राहते. त्याला कुठंच जायचं नसते. ते आत येते. घर रिकामं. बस, इतकंच आहे."

मला वाटलं, झालं, आता आक्का म्हणणार की ते एकटं तिथं सोडलंस आणि तू काय करून राहिलास. आक्कानं छताच्या पंख्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "कोणीतरी मागं राहतेच. हाच छाप."

दिगूभाऊंच्या हातातून चादरीची कड सुटली.

"फक्त एक कर," ती म्हणाली. "त्याला स्वयंपाक येते असं लिही. फार नाही, पिठलं-भात. दोन ओळी टाक, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही."

दिगूभाऊंनी मान हलवली. मी उठून खिडकीशी गेले आणि खालच्या सायकलरिक्षा बघत उभी राहिले, कारण माझ्यानं तिथं बसवेना.

आक्का ऑपरेशनमधून उठली नाही.

कादंबरी निघाली. त्याच शेवटानं निघाली. माणसं जातात, भूत आत येतं, रिकाम्या स्वयंपाकघरात चूल पेटवतं आणि बेसन भिजवायला घेतं. बोंद्र्यांच्या वाचनालयात दोन तट पडले. एक गट म्हणे, इतकी वर्षं भटजी होत होतं, आता आचारी झालं. दुसरा गट पुस्तक परत करताना काहीच बोलत नसे. बोंद्रे मला म्हणाले, "बाई, काही समजून नाही राहिलं. चांगलं म्हणाव का वाईट?" मी म्हटलं, तुम्हीच ठरवा.

आम्ही महाल सोडून नव्या घरी जायच्या आदल्या दिवशी मी दिगूभाऊंचा निरोप घ्यायला गेले. सकाळची वेळ. ते स्टोव्हसमोर बसले होते, मनगटापर्यंत बेसन, चष्म्यावर बेसन. मला म्हणाले, "जेवूनच जा, वहिनी." मी नाही म्हटलं, सामान बांधायचं आहे म्हटलं. ते ऐकेनात. पान वाढलं, भात, त्यावर पिठलं, आणि समोर पाट ओढून बसले. माझ्या तोंडाकडे बघत.

मी घास घेतला. जे वाटेल ते सांगायची सवय. "मीठ नाही यात," मी म्हटलं.

दिगूभाऊ ताडकन उठले. मिठाची बरणी आणली, पातेल्यात घातलं, ढवळलं, पुन्हा वाढलं आणि उभ्यानंच विचारलं, "आता?"

या खेपेला मीठ इतकं झालं होतं की जिभेला चटका बसला. "जमलं," मी म्हटलं, आणि पानातलं सगळं संपवून उठले.